सजगतेचा सराव आणि मध्यमवयातील स्मरणशक्ती : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाळिशी-पन्नाशीतील अनेक जण आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील केंद्रात एकच काळजी घेऊन येतात : ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी आठवत नाही, गॅस बंद केला की नाही याची खात्री वाटत नाही, आणि घरात वडीलधाऱ्यांचा स्मृतिभ्रंश पाहिलेला असल्याने मनाने धास्ती घेतलेली असते. या वयातला पुष्कळसा विसर स्मरणापेक्षा अवधानाशी निगडित असतो. किल्ली ठेवताना मन दुसरीकडेच असले, तर तिची जागा नीट नोंदलीच जात नाही. ताण आणि अपुरी झोप यांनी त्यात भर पडते. अवधानाला मात्र सरावाने वळण लावता येते; मन चालू क्षणावर आणण्याच्या या सरावालाच सजगता (माइंडफुलनेस) म्हणतात.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमावर आमचा वर्ग आधारलेला आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एकच मनुका ठेवली जाते. तिच्या सुरकुत्या निरखायच्या, वास घ्यायचा, ती जिभेवर नुसती ठेवून थांबायचे, मग दाताखाली फुटताना गोडी कशी पसरते ते अनुभवायचे, आणि मन दुकानाच्या हिशेबाकडे किंवा मुलांच्या परीक्षेकडे धावले, की स्वतःवर न चिडता त्याला परत आणायचे. हे परत आणणे हाच खरा सराव आहे. पुढे तोच श्वासावर, चालण्यावर आणि संभाषणावर करवून घेतला जातो.

या प्रशिक्षणाने स्मृतिभ्रंश टळतो असे आम्ही सांगत नाही, आणि कोणी तशी हमी दिल्यास ती मानू नये. अमेरिकेत ६५ ते ८४ वयाच्या ५८५ व्यक्तींवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतरही सजगतेच्या सरावाने स्मरणशक्तीत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. ताण, चिंता आणि खिन्नता कमी होण्यास मात्र अशा सरावाची मदत होते, आणि नैराश्य हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये असे १४ घटक नोंदवले असून, ते सर्व दूर करता आले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉल, श्रवणदोष, धूम्रपान आणि व्यायामाचा अभाव हे त्यांपैकीच आहेत. म्हणून रोजची कमाटीबागेतली फेरी किंवा रक्तदाबाची गोळी सोडून कोणीही केवळ आमच्या वर्गावर विसंबू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, नेहमीचा रस्ता चुकत असेल किंवा व्यवहारात गोंधळ होऊ लागला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे; बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉईडचे विकार यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. तीव्र नैराश्य किंवा मोठा मानसिक आघात अनुभवलेल्यांना डोळे मिटून बसण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रवेश घ्यावा, आणि सर्वांनी नोंदणीच्या वेळी चालू औषधांची यादी सोबत आणावी.