माइकला मेंदू नसतो

1901 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायनेल मेपलसन नावाचा ग्रंथपाल होता. स्वरलिपीच्या वह्या सांभाळायच्या, हे त्याचं काम. या माणसाने एडिसनचा घरगुती फोनोग्राफ घेतला आणि चालू प्रयोगातलं गाणं टिपायला सुरुवात केली. आधी रंगमंचाच्या कडेला, गायकांना ओळी सुचवणारा जिथे दडून बसतो त्या खोपट्यातून. नंतर रंगमंचाच्या वर टांगलेल्या अरुंद पुलावरून. विजेचा माइक नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता. मोठ्या कर्ण्यात शिरलेली हवेची थरथर एक पातळ पडदा हलवायची आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या नळीवर चर कोरायची. एका नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. 1903 पर्यंत त्याने अशा शंभराहून जास्त नळ्या भरल्या. ज्याँ द रेश्के या त्या काळच्या थोर टेनर गायकाचा आवाज आज कानावर पडतो तो याच नळ्यांमधून. दाट खरखरीच्या पलीकडून, चार खोल्या सोडून कुणी गात असावं तसा.

खरखर एवढी का? कारण त्या नळ्या पुन्हा पुन्हा वाजवल्या गेल्या. मेणावरून सुई फिरली की चर दरवेळी थोडा झिजतो. आवडीने ऐकावं, तितकं पुसलं जावं. मैफली टिपणाऱ्या रसिकांची पुढची सगळी धडपड दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली: सभागृहातला आवाज नीट पकडायचा कसा, आणि पकडलेला आवाज न झिजवता दुसऱ्याच्या हाती द्यायचा कसा.

पहिला प्रश्न मोबाइल हातात धरून मैफलीत उभं राहिलेल्या प्रत्येकाला पडलेला असतो. तिथे काय रंग चढला होता! आणि घरी येऊन ऐकावं तर गायक कुठेतरी लांब, बास नुसता घुमतोय, शेजाऱ्याची शिट्टी मात्र थेट कानात. दोष फक्त यंत्राचा नाही. गर्दीत हव्या त्या आवाजावर लक्ष ठेवून बाकीचे मागे सारण्याची मेंदूची करामत ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी याने 1953 मध्ये प्रयोगांनी तपासली. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातला सूक्ष्म फरक वापरून मेंदू तो कुठून आला हे ठरवतो. भिंतीवरून काही मिलिसेकंदांनी परतणारे पडसाद तो मूळ आवाजातच जिरवून टाकतो, वेगळे ऐकूच देत नाही. मैफलीत बसलेले असताना आपण ऐकतो ती ही निवडून, निथळून घेतलेली आवृत्ती. माइकला मेंदू नसतो. त्याच्या पडद्यावर जे आदळलं ते सगळं तो इमानेइतबारे नोंदवतो.

म्हणजे मेंदू आत बसल्या बसल्या जे करतो ते माइकवाल्याला बाहेर, जागा निवडून करावं लागतं. स्पीकरमधून थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. पण भिंती आणि छतावरून उसळून सभागृहात भरलेला घुमारा मात्र जवळपास सगळीकडे सारखाच असतो. पुढून मागे चालत गेलं तर एका जागी दोन्हींची पातळी सारखी होते. ध्वनिशास्त्रात या जागेला क्रांतिक अंतर म्हणतात. त्याच्या पुढे बसलं तर शब्द न् शब्द कळतो, मागे गेलं की सगळं एकमेकांत कालवलं जातं. समोरून जास्त आणि पाठीमागून जवळपास काहीच न ऐकणारा माइक वापरला, म्हणजे ज्याच्या संवेदनेचा आलेख हृदयाच्या आकाराचा दिसतो तो कार्डिऑइड, तर घुमाऱ्याचा दोन-तृतीयांश भाग गळतो. गणित असं सांगतं की चहूबाजूंनी ऐकणाऱ्या माइकपेक्षा हा माइक 1.7 पट मागे ठेवला तरी तेवढंच स्वच्छ ऐकू येतं. मागची जागा मिळालेल्या माणसासाठी हे वरदानच आहे.

जाणकार लोक माइक उंच स्टँडवर का चढवतात, तेही यातच आलं. टाळ्या वाजवणारे हात माइकपासून एका मीटरवर असतील आणि तोच माइक अडीच मीटरवर नेला, तर त्या टाळ्या 8 डेसिबलने खाली येतात. पंचवीस-तीस मीटरवरच्या स्पीकरच्या आवाजात मात्र एवढ्याशा उंचीने फारसा फरक पडत नाही. शिवाय माणसांची डोकी आणि कपडे वरच्या पट्टीतले स्वर शोषतात. उंचावर झांजांची किणकिण शाबूत पोहोचते.

हे कसब सगळ्यात जास्त घासूनपुसून निघालं ते अमेरिकेत, ग्रेटफुल डेड या बँडच्या श्रोत्यांमध्ये. हा बँड 1965 मध्ये जमला. एकच गाणं दोन रात्री सारखं वाजवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव, त्यामुळे प्रत्येक रात्र टिपण्यासारखी. टिपणारे वाढत गेले, माइकच्या काठ्यांचं रान उभं राहू लागलं, मागच्यांना रंगमंच दिसेना. बँडने बंदी घातली नाही. 27 ऑक्टोबर 1984 रोजी बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरमध्ये त्यांनी टेपरांसाठी, म्हणजे या टिपणाऱ्यांसाठी, साउंडबोर्डच्या (सगळे माइक आणि वाद्यांचे आवाज जिथे एकत्र मिसळतात त्या टेबलाच्या) मागे वेगळा विभागच काढून दिला. अट एवढीच की या टेपांचा धंदा करायचा नाही. (संमतीशिवाय मैफल टिपून पैशांसाठी विकणं हा अमेरिकेत 1994 पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.) मला या निर्णयाचं फार मोल वाटतं. त्या एका परवानगीमुळे टेपर उघडपणे एकमेकांकडून शिकू लागले, आणि माइक कुठला, किती अंतरावर, कोणत्या कोनात हे प्रत्येक टेपसोबत लिहून ठेवायची शिस्त रुजली.

आता दुसरा प्रश्न. टेपांची देवाणघेवाण टपालाने चाले: तुम्ही कोरी कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा प्रत करून पाठवणार. पण कॅसेटला स्वतःची सळसळ असते, कारण फितीवरचे चुंबकीय कण थोडेफार अस्ताव्यस्तच असतात. प्रत काढली की मूळ फितीची सळसळ गाण्यासोबत उतरते आणि नव्या फितीची तिच्यात मिसळते. दोन फितींची मिळून सळसळीची शक्ती दुप्पट, म्हणजे 3 डेसिबल जास्त. आठ फिती ओलांडून आलेल्या गाण्यात 9 डेसिबल जास्त. मोटरच्या गतीतली डगमगही प्रत्येक प्रतीत वाढत जाते आणि पियानोचा लांबलेला सूर थरथरू लागतो. म्हणून व्यवहारात पहिला सवाल असायचा, ‘कितवं जनरेशन?’, म्हणजे मूळ टेपपासून ही कितवी प्रत?

1987 मध्ये डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) ही आवाज आकड्यांत साठवणारी फीत आली आणि हा सवाल हळूहळू मागे पडला. डिजिटल ध्वनिमुद्रणात लहर साठवत नाहीत, तिची मापं साठवतात. सीडीच्या मापाने सेकंदाला 44,100 वेळा, आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एक. प्रत काढायची म्हणजे आकडे उतरवून घ्यायचे. ते बरोबर उतरले तर हजारावी प्रत आणि पहिली प्रत यांत काहीच फरक नाही. अडचण आकाराची. तीन तासांची मैफल जवळपास 1.9 जीबी होते, आणि 1990 च्या दशकातल्या इंटरनेटवर ती पाठवणं म्हणजे दिव्य.

एमपी3 हा सोपा मार्ग होता. मोठ्या आवाजाच्या सावलीत दडणारे बारीक आवाज कानाला तसेही जाणवत नाहीत, म्हणून ते गाळायचे. एकदा ऐकायला हरकत नाही. पण गाळलेलं परत येत नाही, आणि गाळलेल्यावर पुन्हा गाळणी लावली की कॅसेटचंच दुखणं नव्या रूपात सुरू. टेपरांनी हे ओळखलं आणि आपल्या देवाणघेवाणीतून एमपी3 ला ठामपणे बाहेर ठेवलं. त्यांनी शॉर्टन आणि पुढे 2001 पासून फ्लॅक ही काहीही न गमावता आकार घटवणारी रूपं निवडली. फ्लॅकची युक्ती सुरेख आहे. आवाजाची लहर अचानक कुठेही उडी मारत नाही, म्हणून मागच्या काही मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहायचं. चूक लहान असते, तिला जागा कमी लागते. वाचताना तोच अंदाज बांधून चूक मिळवली की मूळ आकडा जसाच्या तसा हजर.

सोबत प्रत्येक फाइलचा एमडी5 ठसा दिला जाई, बत्तीस चिन्हांचा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सगळा ठसा बदलतो, त्यामुळे वाटेत काही बिघडलं का हे क्षणात कळतं. काटेकोरपणा किती असावा? सीडीवर एका सेकंदाचे 75 खण असतात, प्रत्येकात 588 मापं. गाण्याचा शेवट 588 च्या पटीत कापला नाही तर उरलेला खण शून्यांनी भरला जातो. स्टुडिओतल्या गाण्याला त्याने काही होत नाही, शेवटी शांतताच असते. मैफलीत दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या चालूच असतात. तिथे शून्यांची ती फट ‘टिक्’ करून वाजते. सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाहूनही लहान असलेली ही फट काढायला लोकांनी खास साधनं लिहिली. अशा हातांनी जपलेला ठेवा 2002 पासून इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर जमू लागला. तिथे आज दोन लाखांहून अधिक मैफली आहेत.

सगळ्यात नाजूक काम मला वाटतं ते ‘मॅट्रिक्स’चं. साउंडबोर्डमधून थेट घेतलेली टेप स्वच्छ असते, पण अपुरी. छोट्या सभागृहात गिटारचा ॲम्प मुळातच मोठ्याने वाजतो, म्हणून बोर्डातून त्याला फारसं उचललेलं नसतं. टेपवर गायक छातीशी आणि गिटार गायब. श्रोत्यांमधल्या टेपमध्ये सगळं असतं, पण धूसर. दोन्ही मिसळल्या तर एकमेकींचं उणं भरून निघतं. फक्त, बोर्डाच्या तारेतून आवाज तत्क्षणी येतो आणि रंगमंचापासून 30 मीटरवरच्या माइकपर्यंत हवेतून यायला त्याला सुमारे 87 मिलिसेकंद लागतात. तेवढी टेप सरकवावी लागते. दोन रेकॉर्डरांच्या घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी तीन तासांनी दोन्ही टेपा सेकंदाच्या पाचव्या भागाने दुरावतात. मग एक टेप किंचित ताणायची.

एवढं करूनही उघड्या मैदानावरच्या मैफलीत सूर विसकटतो, कारण हवा थंड होत जाते. पहिल्या गाण्याला 30 अंश आणि शेवटच्याला 20 असतील, तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 6 मीटरने घटतो. सुरुवातीला 86 मिलिसेकंदांत 30 मीटर कापणारा आवाज शेवटी साडेसत्त्याऐंशी घेतो. फरक दीड मिलिसेकंदाचा. पण तेवढ्याने 333 हर्ट्झच्या आसपासचे स्वर दोन टेपांत उलटसुलट होऊन एकमेकांना दाबतात, आणि गायकाचा आवाज नेमका त्याच टापूत असतो. म्हणून मॅट्रिक्स करणारा दर गाण्याला ड्रमचा एखादा खणखणीत ठोका शोधतो, दोन्ही लहरी पडद्यावर एकीखाली एक मांडतो आणि श्रोत्यांमधल्या टेपची लहर हलकेच अलीकडे ओढतो. शेवटच्या गाण्यापर्यंत ती 66 मापं सरकलेली असते.