सतरात २७३ मिळवू नका

जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पाच अंश सेल्सिअस, दुपारी बावीस. फरक सतराचा. हाच फरक केल्विनमध्ये सांगा म्हटलं, की इथल्या लष्कर भागात माझ्याकडे शिकवणीला येणारी अकरावीची निम्मी मुलं बिनदिक्कत २९० लिहून मोकळी होतात. दरवर्षी!

सेल्सिअस तुम्हाला ठाऊक आहेच. केल्विनचं एकक तेवढंच मोठं, फक्त मोजणी निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या उणे २७३.१५ सेल्सिअसपासून सुरू होते. तापमान केल्विनमध्ये हवं तर २७३.१५ मिळवा, उलट जायचं तर वजा करा. यात सहसा कोणी चुकत नाही. शाळेच्या गणितात नुसते २७३ घेतले तरी मी गुण कापत नाही.

घोळ होतो तो तापमान आणि तापमानातला फरक यांत. पहाटेचे पाच म्हणजे २७८.१५ केल्विन, दुपारचे बावीस म्हणजे २९५.१५. आता वजाबाकी करा: सतराच. दोन्हीकडे मिळवलेले २७३.१५ वजाबाकीत उडून गेले. उंची समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर लष्करातल्या बाडा चौकापासून, उरवाई दरवाजाने ग्वाल्हेरचा किल्ला चढताना दम तेवढाच लागतो.

कागदावर ही चूक किरकोळ वाटते, म्हणून मी मुलांना पाणी तापवायला लावतो. एक लिटर पाणी २५ वरून ३५ अंशांवर न्यायचं. फरक दहाचा, म्हणून उष्णता लागेल साधारण ४२ किलोज्यूल. त्या दहात २७३ मिळवलेत तर उत्तर येतं जवळजवळ १,१८० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत ते पाणी उकळेल आणि वर त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त वाफ होऊन जाईल. निघालो होतो कोमट करायला!

"पण काका, मोबाइलनंच २८३.१५ सांगितलं!" सांगणारच. तुम्ही दहा टाकलेत, त्यानं दहा अंश तापमान समजून उत्तर दिलं. ते तापमान आहे की फरक, हे तो विचारत नाही. या रूपांतर करून देणाऱ्या अॅपांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. जागतिक तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादाही फरकच आहे: दीड केल्विन. फॅरनहाइटमध्ये २.७, पण अॅपला विचाराल तर ३४.७ म्हणेल.

मग एकदा ओरडा खाल्लेली मुलं २७३ मिळवायचंच सोडून देतात, आणि वायूच्या गणितात आपटतात. पहाटे २७ आणि दुपारी ४७ अंश धरा. बंद डब्यातल्या हवेचा दाब किती पट होईल? दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे इथे वजाबाकी नाही, भागाकार आहे, त्यामुळे २७३ उडत नाहीत. ३२० भागिले ३००, म्हणजे दाब सुमारे सात टक्के वाढेल. सेल्सिअसचेच आकडे भागलेत तर ७४ टक्के येतील. 'आज चाळीस, म्हणजे विसाच्या दुप्पट गरम' हे वाक्यही त्याच जातीचं.

'अंश केल्विन' म्हणू नका, नुसतं केल्विन. तो अंश १९६७ मध्येच अधिकृतपणे काढून टाकला, तरी उत्तरपत्रिकांत ते छोटं वर्तुळ अजून दिसतं. त्यावर मात्र मी अर्धा गुण कापतो.

परवा एकीनं विचारलं, पाण्याची विशिष्ट उष्णता (एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला लागणारे ज्यूल) एका पुस्तकात 'प्रति अंश सेल्सिअस' आणि दुसऱ्यात 'प्रति केल्विन' दिली आहे, तरी दोन्हीकडे आकडा ४.१८ च कसा? छापायची चूक तर नाही? मी तिच्याच वहीतली पाच आणि बावीसची वजाबाकी पुढे सरकवली. तिनं बघितली, आणि खोडरबर घेऊन मुकाट्यानं मागचं पान उलटलं.