एक कान काढून ऐका

अमेरिकन गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह' हे डिस्को गाणं हेडफोन लावून ऐका आणि बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची चाल, चालू झाला की एका कानातला काढा. बेस एकदम निम्मा होतो! मग तो लावून दुसरा काढा, तरी निम्माच. जो बेस इतका वेळ घोड्यासारखा पळतोय असं वाटत होतं तो पूर्ण असा कुठल्याच कानात नाहीये, दोन्हीकडचे ठोके आपल्या मेंदूत एकात एक गुंफले जातात. मी हे गाणं कितीतरी वर्षं ऐकतोय पण हे कळल्यापासून दर वेळी एक कान काढून बघतोच.

हे होतं कसं तर, मशीनवर वाजलेला बेस एका बाजूला ठेवला आणि त्याचाच उशिरा येणारा प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूला. गाण्याची लय मिनिटाला सव्वाशे ठोक्यांच्या जरा वर, म्हणजे एक ठोका साधारण अर्ध्या सेकंदाचा आणि त्याचा चौथा हिस्सा साधारण ०.१२ सेकंद. प्रतिध्वनी नेमका तेवढाच उशिरा येतो आणि दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. हाच उशीर ०.०३ सेकंदाच्या आत असता तर मेंदूने दोन्ही आवाज एकच धरले असते, बंद खोलीत आपल्याला भिंतींवरून परत येणारे आवाज वेगळे ऐकू येत नाहीत ना, तसंच. इथे उशीर त्याच्या चौपट आहे म्हणून तो नवा सूर वाटतो.

साल १९७७, गाव म्युनिक. गाण्याचे निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांना अल्बमच्या शेवटी भविष्यकाळातलं वाटेल असं गाणं हवं होतं, म्हणून त्यांनी कपाटाएवढा मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेपासून सूर तयार करणारं यंत्र, आणवला. त्यात सूर म्हणजे चक्क व्होल्टेज. एक व्होल्ट वाढवला की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर! एका सप्तकात १२ स्वर, म्हणजे शेजारच्या स्वरावर जायला साधारण ०.०८३ व्होल्ट. त्याच्या सिक्वेन्सर नावाच्या भागावर बटणांची रांग असते, प्रत्येक बटणाला आपापलं व्होल्टेज द्यायचं, मशीन ते एकामागून एक वाजवत राहतं, आणि कीबोर्डची एक पट्टी दाबली की सगळ्यांत तेवढंच व्होल्टेज मिळवलं जातं त्यामुळे अख्खी चाल जशीच्या तशी वर किंवा खाली सरकते. बेरीज करायची व्होल्टेजची आणि गुणाकार होतो कंपनांचा, मला तर हे गणित फार सुंदर वाटतं.

त्रास एकच, हे सगळं ट्रान्झिस्टरच्या जीवावर आणि ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा. मशीन गरम होत गेलं की सूर हलतो, मैफलीत मधेच तंबोरा उतरतो तसा, त्यामुळे थोडा तुकडा रेकॉर्ड करायचा, परत सुरात लावायचं, परत पुढचा तुकडा. मग हे थर एकमेकांवर बसणार कसे? रॉबी वेडेल या इंजिनिअरने टेपच्या एका ट्रॅकवर ठोक्यांचा सिग्नल टाकून ठेवला आणि मशीन दर वेळी त्याच्याच तालावर चालवलं. गाण्याचा खरा हिरो हा माणूस आहे असं माझं मत. हाय-हॅटसारखा (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीसारखा) आवाजसुद्धा मूगचाच, कुकरच्या वाफेसारखा फुस्स आवाज बारीक कापून केलेला. बास ड्रमला मात्र मशीनमधून वजन येईना, तो कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवला.

आता कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पद्धतीने केलेलं हेच गाणं. ब्लाँडी या बँडने १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये हे स्टेजवर वाजवलं, आणि माणसांचा बँड म्हटला की ठोके काही हजारांश सेकंदांनी मागेपुढे होणारच, गाणं तेच पण त्याला श्वास फुटतो. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पॅट्रिक काउली या संगीतकाराने उलटं केलं, मूळ गाणं ताणून, त्यावर स्वतःचे सिंथ चढवून पावणेसोळा मिनिटांचं केलं. ब्रॉन्स्की बीट हा बँड आणि गायक मार्क आमंड यांचं १९८५ चं व्हर्जन ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. तोवर मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत, येऊन दोन वर्षं झाली होती, वेडेलला जी युक्ती लढवावी लागली ते काम आता एका केबलवर भागत होतं. तरी त्या व्हर्जनमध्ये कान जातो तो ब्रॉन्स्की बीटचा गायक जिमी समरव्हिलच्या उंच आवाजाकडेच. गायक सॅम स्मिथचं २०१९ चं पण चांगलंय.

आणि आपल्या मुंबईत? १९८२ मध्ये चरणजित सिंग या वादकाने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन एकमेकांना जोडून डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. ते कव्हर नाही, पण बटणांच्या रांगेतून सूर पळवायची कल्पना तीच, फक्त इथे त्या रांगेत भैरव आणि भूपाळी बसलेत. तेही हेडफोन लावूनच ऐका.