मारलेला राक्षस ताटात कसा आला

गेल्या पावसाळ्यातला रविवार. नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा, आमचा खेळ चालू होता आणि पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) गोष्टीतल्या नदीकाठी एक महाकाय खेकडा मारला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा, मी होतो. पुढच्या गुहेचं वर्णन सुरू करणार, तेवढ्यात इगतपुरीकडची आमची एक खेळाडू म्हणाली, "अरे थांब ना, याचं कालवण करू." कसं करायचं तेही तिने सांगितलं. नांग्या वेगळ्या काढायच्या, बारीक पाय पाट्यावर ठेचायचे, पाण्यात कालवून गाळून घ्यायचे आणि त्याच पाण्यात रस्सा करायचा. पहिल्या पावसात ओढ्याचे खेकडे तिच्या घरी असेच शिजतात. माझ्या नियमांच्या पुस्तकात त्या खेकड्याचे १३ हिट पॉइंट (तो किती मार सोसतो) होते, आर्मर क्लास (त्याला मार लागणं किती अवघड) १५ होता. मांसाबद्दल एक अक्षर नव्हतं.

ते का नव्हतं, हे समजायला १९७४ पर्यंत मागे जावं लागतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या पुस्तिकांमध्ये खाणं आहे, पण ते सामानाच्या यादीत. एका माणसाचा आठवड्याचा साधा शिधा ५ सोन्याची नाणी, डंजनमध्ये (राक्षस आणि खजिना असलेल्या भुयारात) न्यायचा टिकाऊ शिधा १५. रानावनातल्या प्रवासासाठी त्यांनी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा १९७२ चा बोर्डगेम जवळ ठेवायला सांगितलं होतं, आणि त्या खेळात माणूस भुकेने-तहानेनेच खंगतो. थोडक्यात, अन्न म्हणजे खर्च आणि पाठीवरचं ओझं. शिधा संपत आला की खजिना सोडून मागे फिरायचं, एवढंच त्याचं काम.

राक्षसांकडे अन्न म्हणून बघायला अडचणही होती. आउलबेअर (तोंड घुबडाचं, अंग अस्वलाचं) आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर हे दोघेही दुकानात मिळणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले. खेळण्याला कातडं असतं, आत काही नसतं. ते आत काहीतरी भरायचं काम पुढे या खेळाच्या 'ड्रॅगन' मासिकाने केलं. एप्रिल १९८३ च्या ७२ व्या अंकात पिअर्सर या प्राण्याच्या जीवनक्रमावर एक लेख आला. गुहेच्या छताला दगडी सुळक्यासारखा लटकणारा आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात कोसळणारा हा प्राणी. तिथून अशा लेखांची मालिकाच सुरू झाली आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाच्या नोंदीत तो काय खातो, कुठे राहतो, त्याच्या अंगाचा काय उपयोग, याला जागा मिळाली. माझ्या मते खरं वळण हेच. हा प्राणी काय खातो असं एकदा विचारलं की याला कोण खातं हा प्रश्न फार दूर राहत नाही.

त्याचं रोखठोक उत्तर मात्र आधी कॉम्प्युटरने दिलं. १९८० च्या 'रोग' (Rogue) या कॉम्प्युटर गेममध्ये भूक होती, खायला शिधा होता. १९८७ च्या 'नेटहॅक'मध्ये तुम्ही मारलेल्याचं प्रेत खाऊ शकता आणि प्रत्येक प्रेताचा गुण वेगळा. तरंगणारा डोळा खाल्ला तर दूरचं मन कळतं. राक्षसी देहाचा जायंट खाल्ला तर ताकद वाढू शकते. कॉकाट्रिस खाल्ला तर तुमचा दगड होतो. शिळं खाल्लं तर विषबाधेने मरता. इथे खाणं म्हणजे शिक्षण झालं: कुठल्या प्राण्यात काय आहे हे माहीत असणारा जगतो.

टेबलावर मात्र मंत्रांनी भूक जवळजवळ संपवून टाकली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत 'गुडबेरी' या मंत्राने दहा बोरं तयार होतात आणि एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. 'क्रिएट फूड अँड वॉटर' तर ४५ पौंड अन्न देतो. पण त्या मंत्राच्या वर्णनातच लिहिलंय की हे अन्न पोषक असलं तरी बेचव असतं. पोट भरलं, चव मात्र राहून गेली. त्या मोकळ्या जागेत जपानच्या र्योको कुई यांची 'डंजन मेशी' ही मांगा (जपानी चित्रकथा) येऊन बसली. २०१४ ते २०२३, चौदा खंड. बहिणीला ड्रॅगनने गिळलंय, शिध्याला पैसे नाहीत, म्हणून पार्टी डंजनमध्ये सापडेल ते शिजवून खात खाली उतरते. पहिलं जेवण मोठा विंचू आणि चालतं मशरूम एकाच भांड्यात. २०२४ मध्ये तिची ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) आली आणि आमच्या टेबलावरही "हे खाता येईल का?" हा प्रश्न दर आठवड्याला यायला लागला. श्रावण पाळणारा आमचा एक भिडू तर चालत्या अळंबीचीच वाट बघतो.

मला मात्र यातली सगळ्यात जुनी गोष्ट आपल्या दारातली वाटते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम लक्ष्मणाला इल्वल आणि वातापी यांची कथा सांगतो. वातापी मेंढ्याचं रूप घ्यायचा, इल्वल ब्राह्मणाच्या वेशात श्राद्धाचं आमंत्रण देऊन त्याला शिजवून वाढायचा, मग हाक मारायचा आणि वातापी जेवणाऱ्यांची पोटं फाडून बाहेर यायचा. अगस्त्यांनी तो खाल्ला आणि पचवला. हाक मारली तेव्हा बाहेर यायला कुणी उरलंच नव्हतं. थोड्याच सर्गांनंतर हेच अगस्त्य रामाला राहायला जागा सुचवतात. इथून दोन योजनांवर पंचवटी आहे, म्हणतात, आणि तिचं वर्णन करताना कंदमुळं, फळं आणि पाणी मुबलक असल्याचं आधी सांगतात. राक्षस पचवलेल्या माणसाने नाशिकची ओळख अन्नापासून करून द्यावी, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

वातापीमुळे आमच्या टेबलाला एक नियमही मिळाला. ज्याला बोलता येतं, त्याला शिजवायचं नाही. गॉब्लिन नाही, ड्रॅगनही नाही. मेंढा संशयास्पद वाटला तर आधी क्लेरिकने (टोळीतल्या पुजारी पात्राने) तपासायचं.

खेकडा बोलत नव्हता. मी सर्व्हायव्हलचा (रानात तगून राहायच्या कौशल्याचा) फासा टाकायला सांगितला, १७ पडले, आणि चौघांनी रस्सा वाढून घेतला. पुढच्या रविवारी इगतपुरीवाली खरोखरचं कालवण डब्यात घेऊन आली.