टर्बाइनची अ‍ॅनालॉग इनपुट कार्डे : पार्श्वभूमी

9 नोव्हेंबर 1965 च्या संध्याकाळी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ एकदम अंधारात गेले. बंद पडलेले मोठे औष्णिक केंद्र परत चालू करायलाच बाहेरून वीज लागते, ही अडचण त्या रात्री चांगलीच जाणवली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या वीज कंपन्यांनी झटपट सुरू होणाऱ्या गॅस टर्बाइन धडाक्याने घेतल्या. ही यंत्रे लांबून बटण दाबून चालवायची, तर जुनी हायड्रॉलिक-यांत्रिक नियंत्रणे पुरणार नव्हती. जनरल इलेक्ट्रिकची ‘स्पीडट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणांची मालिका याच काळातली; मार्क 1, मार्क 4 वगैरे तिच्या पिढ्या.

मार्क 1 मध्ये वेगळे इनपुट कार्ड, म्हणजे सेन्सरचा सिग्नल आत घेऊन आकड्यात बदलणारे सर्किट बोर्ड, असे काही नव्हतेच म्हणायला हरकत नाही, कारण सगळे नियंत्रणच अ‍ॅनालॉग होते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क 4 आला, त्यात मायक्रोप्रोसेसर आले, आणि व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणे हे स्वतंत्र काम झाले.

सिग्नलची रीत मात्र त्याहून जुनी. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबाने सिग्नल नेणाऱ्या, लूपमध्ये 3 ते 15 पीएसआय चाले. विजेच्या लूपमध्ये 4 ते 20 मिलिअँपिअर रूढ झाले. दोन्हींत शून्यापासून सुरुवात केलेली नाही, आणि खरी हुशारी तिथेच आहे. दाब मोजत असाल तर 4 मिलिअँपिअर म्हणजे दाब शून्य. 0 म्हणजे वायर तुटली. कार्डावरच्या 250 ओहमच्या रेझिस्टरमुळे हेच 1 ते 5 व्होल्ट होतात. मार्क 6 च्या टीबीएआय टर्मिनल बोर्डावर, म्हणजे सेन्सरच्या तारा जोडायच्या बोर्डावर, सिग्नल करंट की व्होल्टेज हे जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या तुकड्याने) ठरते. कार्ड बदलताना जुन्या बोर्डावरची जंपरची जागा आधी टिपून घ्यावी ती यासाठीच.

मार्क 4 पासून तेच काम करणारे तीन कंट्रोलर आले : आर, एस, टी. मार्क 6 मध्ये टीबीएआयवर आलेला सिग्नल तिन्ही कंट्रोलरच्या रॅकमधल्या (कार्डे बसवायच्या चौकटीतल्या) व्हीएआयसी या इनपुट कार्डांकडे जातो आणि तीन वाचनांतले मधले घेतले जाते. सरासरी का नाही? समजा वाचने 14.1, 14.2 आणि 0 आली. सरासरी 9.4 निघेल आणि टर्बाइन उगाच ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. मधले वाचन 14.1, म्हणजे यंत्र चालू राहते. पण ट्रान्समीटर (माप घेऊन सिग्नल पाठवणारा सेन्सर) एकच असेल आणि तोच बिघडला, तर तिन्ही कार्डे एकमताने चूक सांगतात. ‘तिहेरी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. म्हणून महत्त्वाच्या मापनाला सेन्सरही तीन लावतात.

मार्क 6-ई मध्ये रॅकच गेला. पीएआयसी नावाचा छोटा पॅक थेट टर्मिनल बोर्डावर बसतो आणि इथरनेटवरून कंट्रोलरशी बोलतो. टर्बाइन मात्र कित्येक दशके चालते, इलेक्ट्रॉनिक्स त्याआधीच जुने होते. त्यामुळे मार्क 5 ची टीसीक्यूए ही अ‍ॅनालॉग कार्डे अजूनही दुरुस्त करून विकली जातात, आणि शटडाउन जवळ आला की त्यांची शोधाशोध सुरू होते.