स्वयंपाकातली मापं आणि वजन (बेळगाव भाग)

वाटी, कप, चमचा, शेर असल्या मापानं घेतलेला जिन्नस ग्रॅममध्ये किती भरतो ते काढणे, याला मापाचं वजन करणे म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या भागात घरात अजून वाटी आणि शेर चालतात, कन्नड शेजारीण त्यालाच सेरु म्हणते, दुकानात मात्र सगळं किलोवर आणि मोबाईलवरची रेसिपी ग्रॅममध्ये, त्यामुळे हा हिशोब रोज कुणाला ना कुणाला करावाच लागतोय.

हिशोब असा की मापाचे मिलिलिटर गुणिले त्या जिन्नसाची घनता म्हणजे ग्रॅम. पाण्याला गुणायची गरजच नाही, 240 मिलीचा कप भरला की 240 ग्रॅम. त्याच कपात साखर 200 ग्रॅम बसते, बारीक रवा 165 ते 170, चाळलेला मैदा 120-125, बेसन शंभराच्या आत, तेल 220 च्या आसपास, मध 340, आणि चुरमुरे जेमतेम 15-20 ग्रॅम. भडंग करताना एवढं मोठं पातेलं भरतं आणि काट्यावर ठेवलं तर काहीच नाही, ते ह्यामुळं.

सगळ्यात जास्त घोळ पिठात होतो. मैदा चाळून चमच्यानं हलक्या हातानं भरला तर वर सांगितलेलं वजन येतं, पण तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150 च्या पुढं सुद्धा जातो, म्हणजे कप एकच आणि फरक पाव भागाचा. मांडे, म्हणजे कागदासारख्या पातळ गोड पोळ्या, असल्या नाजूक कामात एवढा फरक पीठ लगेच दाखवतं. जुन्या धान्याच्या मापात पण हेच, शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग करून, शेर की काठाला हात फिरवून शेर हे आधी ठरवून घ्यावं लागायचं, आणि ते बरोबरच होतं.

शेराची अजून एक भानगड आहे. धान्य मापायचा शेर म्हणजे भांडं, आणि वजनाचा शेर म्हणजे 80 तोळे, साधारण 933 ग्रॅम. नाव एक पण वस्तू दोन. मापी शेर गावोगाव लहानमोठा असायचा. 1956 मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि मग हळूहळू किलो-लिटर आले. म्हणून आजीच्या हिशोबातला शेर सरसकट एक किलो धरू नये, कुठला शेर ते आधी विचारावं.

प्रमाण बदलायचं असेल तर जास्त जपावं लागतं. भाताला एक वाटी तांदूळ दोन वाट्या पाणी हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते मापाचं प्रमाण आहे, वजनाचं नव्हे. 240 मिलीच्या वाटीत तांदूळ 190-200 ग्रॅम बसतात आणि दोन वाट्या पाणी 480 ग्रॅम होतं, म्हणजे वजनानं जवळजवळ एकाला अडीच. महाप्रसादाला 10 किलो तांदूळ घेऊन कुणी दुप्पट म्हणून 20 लिटर पाणी ओतलं तर घरच्या हिशोबापेक्षा चारपाच लिटर कमी पडतं. मोठ्या हंड्यात वाफ प्रमाणात कमी जाते त्यामुळं पूर्ण 25 लागेलच असं नाही, शिवाय बेळगाव बासमती असो की दुसरा कुठला, नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि जुना जास्त, तेवढं बघून घालायचं. पुरणाला पण तसंच, वाटीला वाटी चिरलेला गूळ आणि किलोला किलो गूळ ह्यात गोडी वेगळी येते, कारण चिरलेला गूळ वाटीत पोकळ बसतोय, म्हणून किलोच्या हिशोबात गूळ जास्त पडतो.

मिठाला पण नीट बघावं. बारीक मीठ सपाट चमच्याला, म्हणजे 5 मिलीला, साधारण 6 ग्रॅम येतं, खडे मीठ त्यापेक्षा कमी. लोणच्याला मीठ वजनानंच घेतलेलं बरं.

घरातल्या वाट्या सारख्या नसतात, कुठली 120 मिलीची तर कुठली 200 ची. आपली वाटी रिकामी काट्यावर ठेवून शून्य करायची आणि काठापर्यंत पाणी भरायचं, जितके ग्रॅम आले तितके तिचे मिली. मग त्याच वाटीनं रवा, साखर, बेसन एकेकदा मोजून आकडे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायचे, दर वेळी काटा काढावा लागत नाही.