भाव ठरला की एजंटचं काम संपतं?

"घर पसंत पडलं, भाव ठरला, की एजंटचं काम संपलं, पुढचं वकील आणि बँक बघतात." हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. सौदा फिसकटायची खरी भीती बयाणा दिल्यानंतरच सुरू होते.

बँकेचं मूल्यांकनच घ्या. ते ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं, तर बँक सहसा तोच कमी आकडा धरून कर्ज देते आणि तफावत खरेदीदाराच्या खिशातून जाते. अशा वेळी चांगला एजंट विक्रेत्याशी पुन्हा बोलणी करतो. त्याआधीच, कर्ज न मिळाल्यास बयाणा परत मिळेल अशी अट करारात घालून घ्यायला सांगतो. माझ्या मते ही एक अट सगळ्यात मोलाची.

मग तारखा. कर्जमंजुरी लांबली की पुढचं सगळं लांबतं. पाठपुरावा एजंटच करतो. कागदपत्रांत नावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी ऐन सहीच्या दिवशी काम अडतं, म्हणून तो कागद आधीच पडताळून घेतो.

ताब्याआधीच्या शेवटच्या फेरीत त्याला सोबत न्याच. नळ सोडून बघा, प्रत्येक स्विच दाबा, कबूल केलेली दुरुस्ती झाली का पाहा. पैसे चुकते झाल्यावर हे मागणं फार अवघड जातं.

मालकी हक्काबद्दलचं मत मात्र वकिलाचंच घ्या. आणि एजंट कोणाच्या बाजूने आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. विक्रेत्याचा एजंट तुमच्यासाठी भाव पाडून मागणार नाही.